जिंगमेनच्या गोचिडीतला विषाणू: दोन तुकडे ओळखीचे निघाले, उरलेले दोन कसे शोधायचे?

चीनच्या हुबेई प्रांतातल्या जिंगमेन भागातून २०१० मध्ये गोळा केलेल्या गोचिडींमध्ये एक विषाणू सापडला. गोचीड होती ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, म्हणजे उष्ण प्रदेशांत जगभर गुरांच्या अंगावर दिसणारी नेहमीचीच जात. विषाणूचं सविस्तर वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याला 'जिंगमेन टिक व्हायरस' हे नाव मिळालं. त्याच्या जीनोमचे, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकुराचे, चार वेगळे तुकडे होते. त्यातले दोन फ्लॅव्हिव्हायरसच्या (डेंग्यूच्या गटातल्या विषाणूंच्या) एनएस५ आणि एनएस३ या प्रथिनांशी नातं सांगत होते. उरलेले दोन कुठल्याच माहीत असलेल्या विषाणूशी जुळत नव्हते.

डेंग्यू, पीतज्वर किंवा क्यासनूर जंगल तापाचे विषाणू पाहिले, तर फ्लॅव्हिव्हायरसचा जीनोम म्हणजे सुमारे ११ हजार अक्षरांची एकसलग आरएनए साखळी असते. तिच्यातून एकच लांब बहुप्रथिन तयार होतं आणि मग ते कापलं जातं. इथे तेवढाच मजकूर चार चिठ्ठ्यांत विभागलेला होता, प्रत्येक चिठ्ठी साधारण २.७ ते ३.१ हजार अक्षरांची. पहिल्यावर एनएस५सारखं प्रथिन, म्हणजे आरएनएची नक्कल करणारा पॉलिमरेज. तिसऱ्यावर एनएस३सारखं प्रथिन, म्हणजे प्रोटीएज आणि हेलिकेज. दुसऱ्या आणि चौथ्यावर विषाणूच्या कवचाची आणि आवरणाची वाटणारी प्रथिनं.

यातली अडचण अशी की गोचिडीतला नवा विषाणू आपण शोधतो तो साम्यावरून, आणि साम्य शोधणाऱ्याला साम्य असलेलंच सापडतं. ब्राझीलमध्ये याच जातीच्या गोचिडीत एनएस३ आणि एनएस५सारखे क्रम आढळले होते, त्यांचं वर्णनही २०१४ मध्येच आलं. त्या मोजियाना टिक व्हायरसचा चारही तुकड्यांचा पूर्ण जीनोम मात्र २०१७ मध्ये हाती आला. नुसते एनएस३ आणि एनएस५ समोर असले की कुणालाही सहज वाटतं, 'फ्लॅव्हिव्हायरस आहे, मधला भाग वाचायचा राहिला, वाचनाची खोली (म्हणजे वाचलेल्या तुकड्यांची संख्या) वाढवू.' खोली कितीही वाढवली तरी ते मधलं सापडणार नाही, कारण तसं मधलं काही नाहीच.

आज एखाद्या प्रयोगशाळेत असंच प्रकरण समोर आलं तर ते कसं हाताळावं, कुठे पाय घसरतो आणि का, हे पुढे जिंगमेनचाच धागा धरून मांडलं आहे.

जनावराच्या अंगावरून नळीपर्यंत

निम्मं काम इथेच बिघडतं. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस ही एकाच यजमानावर वाढणारी गोचीड. अळी, निम्फ आणि प्रौढ या तिन्ही अवस्था ती एकाच जनावरावर सुमारे तीन आठवड्यांत पुऱ्या करते. मग फुगलेली मादी खाली पडते, दोन ते चार हजार अंडी घालते आणि मरते. परिणामी गोळा करायला गेलं की हाताला लागतात त्या बहुतेक रक्त पिऊन टम्म झालेल्या, एरंडाच्या बीएवढ्या माद्या. काढायला सोप्या, विश्लेषणाला सर्वांत वाईट. त्यांच्या पोटातला बहुतांश आरएनए गायीचा असतो आणि रक्तातलं हीम आरटी-पीसीआरचं एन्झाइम अडवतं. शक्य तिथे नर आणि अर्धवट भरलेल्या माद्या निवडाव्यात. कानाच्या आत, मांड्यांच्या आतल्या बाजूला, कासेजवळ आणि शेपटीच्या मुळाशी नीट पाहिलं तर त्या मिळतात.

बारीक, वाकड्या टोकाचा चिमटा कातडीला अगदी टेकवायचा, गोचीड तोंडाच्या भागापाशी पकडायची आणि सरळ वर, सावकाश ओढायची. पिळायची नाही. पोटावर चिमटा बसला तर ती फुटते, आणि अनोळखी विषाणू असण्याची शक्यता असलेलं रक्त हातमोज्यावर येतं. गोचिडीतून पसरणाऱ्या क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाच्या प्रदेशात ही नुसती अस्वच्छता नव्हे, जिवाचा धोका आहे. तोंडाचा भाग कातडीत तुटून राहिला तर जात ओळखणंही अवघड होतं. ओळखीच्या बऱ्याच खुणा तिथेच असतात.

नळीवर जनावराचा क्रमांक, शरीराचा भाग, तारीख, अवस्था आणि लिंग लिहायचं. पेन्सिलीने, कारण ७० टक्के अल्कोहोलचे दोन थेंब पडले की मार्करची शाई गेलीच. नमुने द्रव नायट्रोजनमध्ये किंवा कोरड्या बर्फावर न्यायचे, नंतर उणे ८० अंशांवर ठेवायचे. शीतसाखळी नसेल तर आरएनए टिकवणारं द्रावण वापरता येतं. पण गोचिडीचं कवच जाड असल्याने द्रावण आत झिरपत नाही. ती निर्जंतुक पात्याने अर्धी कापूनच बुडवावी. आणि एक कायमचा हिशेब: अशा द्रावणातल्या नमुन्यातून जिवंत विषाणू वाढवता येत नाही. त्यामुळे प्रत्येक जनावरावरच्या काही गोचिडी कोरड्या गोठवून बाजूला ठेवाव्यात.

धुण्याचा क्रम: ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा ते एक मिनिट, मग निर्जंतुक पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) तीनदा. तिसऱ्या धुण्याचं पाणी फेकू नका. तेही एक नियंत्रण नमुना म्हणून पुढे न्या. शेण, कातडी आणि धूळ यांतले विषाणू अंगाला चिकटलेले असतात. ते गोचिडीचे नाहीत हे दाखवायला याहून स्वस्त पुरावा नाही.

पूल किती आणि केवढे

खर्च वाचवायला ५० गोचिडी एका नळीत वाटण्याचा मोह होतो. असं करू नये. एका पुलात, म्हणजे एकत्र दळायच्या गोचिडींच्या एका गटात, एकच जात, एकच अवस्था, एकाच कळपातल्या ५ ते १० प्रौढ गोचिडी असाव्यात. अळ्या २० ते ५० चालतात. छोटे आणि जास्त पूल का हवेत, याचं खरं कारण पुढे अनोळखी तुकडे जोडताना कळेल.

दळण्यासाठी ३ ते ५ मिलिमीटरचे स्टीलचे मणी आणि थंड लायसिस द्रावण घ्यावं, ३० हर्ट्झवर दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या कराव्यात आणि मध्ये बर्फावर ठेवावं. सलग चार मिनिटं चालवलं तर नळी गरम होते आणि आरएनएचे तुकडे पडतात. नंतर ४ अंशांवर १२,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवलं की कवचाचा चुरा तळाला बसतो. वरचा द्रव तीन भागांत वाटावा: एक आरएनएसाठी, एक डीएनएसाठी, एक उणे ८० ला. हा तिसरा भाग पुढे जिवंत विषाणू वाढवायला लागणार असेल तर दळतानाच लायसिसऐवजी थंड संवर्धन माध्यम वापरावं आणि ते सगळं काम योग्य जैवसुरक्षा पातळीच्या कॅबिनेटमध्येच करावं. डीएनएचा भाग बहुतेक जण विसरतात आणि मग महिन्याभराने हळहळतात.

वाचनासाठी (सिक्वेन्सिंगसाठी) आरएनए कसा तयार करायचा यावर या प्रकरणाचं नशीब ठरतं. एकूण आरएनएत ८० टक्क्यांहून जास्त वाटा राइबोसोमचा असतो, तो काढायलाच हवा. पण बाजारातले संच मुख्यतः माणूस, उंदीर अशा प्राण्यांसाठी बनवलेले असतात. गोचिडीचा राइबोसोमी आरएनए त्यांना पुरता निघत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पॉली-ए शेपटी (टोकाला सलग 'ए' अक्षरांची माळ) असलेला आरएनए वेचणं. जिंगमेन विषाणूला शेपटी आहे, त्यामुळे तो या मार्गानेही सापडेल. नेहमीच्या फ्लॅव्हिव्हायरसना मात्र ती नसते, ते निसटतील. म्हणून पहिल्या फेरीला राइबोसोम काढण्याचाच मार्ग बरा, आणि प्रत्येक पुलामागे १५० अक्षरांच्या किमान २ ते ३ कोटी जोड्या वाचाव्यात. यात काटकसर करायचीच असेल तर खोलीत करा, पुलांच्या संख्येत नको.

पडद्यावर काय दिसतं

निकृष्ट टोकं छाटायची, गोचिडीच्या आणि गायीच्या जीनोमशी जुळणारे रीड्स (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) बाजूला काढायचे, उरलेले मेगाहिट किंवा ट्रिनिटी या संगणकी साधनांनी जुळवून कॉन्टिग, म्हणजे जोडलेले लांब क्रम, बनवायचे. मग डायमंड ब्लास्टएक्स या साधनाने प्रथिनांच्या पातळीवर साम्य शोधायचं. अक्षरांच्या पातळीवर नव्हे. नवा विषाणू दूरचा नातेवाईक असतो, त्याची अक्षरं ओळखू येण्यापलीकडे बदललेली असतात, पण प्रथिनाचा सांगाडा टिकतो. ई-मूल्याची (साम्य योगायोगाचं असण्याच्या मापाची) मर्यादा १० चा उणे पाचवा घात ठेवावी. त्यातून सुटलेल्यांसाठी पॉलिमरेजचा एचएमएम शोध (प्रथिनाच्या सांख्यिकी नमुन्यावरून घेतलेला शोध) लावावा.

जिंगमेनसारख्या प्रकरणात इथे काय हाती लागतं ते पाहा. साधारण ३ हजार अक्षरांचा एक कॉन्टिग, त्यावर सुमारे ९०० अमिनो आम्लांची एकच वाचनचौकट (सलग प्रथिन बनवणारा पट्टा), फ्लॅव्हिव्हायरसच्या एनएस५शी कमी पण स्पष्ट साम्य, आणि पॉलिमरेजची ओळखीची ग्लायसिन-अस्पार्टेट-अस्पार्टेट ही तिगडी जागच्या जागी. २.८ हजारांच्या आसपास दुसरा कॉन्टिग, त्यावर एनएस३. दोन्हींच्या वाचनचौकटी सुरुवातीच्या मिथिओनिनपासून थांब्याच्या कोडॉनपर्यंत पूर्ण, पुढे-मागे प्रथिनात न उतरणाऱ्या पट्ट्या. लक्ष ठेवायचं ते इथे. अर्धवट जुळवलेला लांब जीनोम असता तर वाचनचौकट कॉन्टिगच्या काठावर तुटली असती. इथे ती काठाच्या आधीच सभ्यपणे संपते. याचा अर्थ तुकडा तुटलेला नाही, मुळातच एवढा आहे.

हे लक्षात आलं की प्रश्नच बदलतो. मधला भाग कुठे आहे हे विचारणं सोडायचं आणि कवचाचा तुकडा कोणत्या नावाखाली लपला आहे ते विचारायचं. तो लपलेला असतो 'साम्य नाही' या शीर्षकाखालच्या हजारो कॉन्टिगांत. तो ढिगारा सहसा कुणी उघडून पाहत नाही.

ढिगाऱ्यातून जोडीदार काढणं

पहिली चाळणी सोबतीची. एकाच विषाणूचे तुकडे एकत्रच हिंडतात. ज्या पुलांत एनएस५चा तुकडा आहे त्याच पुलांत बाकीचे असणार, नाही तिथे नसणार. समजा १२ पूल आहेत आणि एनएस५ त्यातल्या ५ पुलांत आहे. संबंध नसलेला, पण पाचच पुलांत आढळणारा एखादा कॉन्टिग योगायोगाने नेमक्या त्याच पाच पुलांत पडण्याची शक्यता ७९२ पैकी १. ऐकायला भक्कम वाटतं. पण ढिगाऱ्यात असे ८,००० कॉन्टिग असतील तर निव्वळ योगायोगानेच दहाएक जुळतील. आता पूल २४ करा आणि १० पुलांत विषाणू असू द्या. योगायोगाची शक्यता १९ लाख ६१ हजारांत १ इतकी उतरते. छोटे पूल, जास्त पूल हा आग्रह यासाठी. सगळ्या गोचिडी दोन मोठ्या पुलांत घातल्या आणि दोन्हींत विषाणू निघाला, तर ही चाळणीच हातातून गेली.

या चाळणीचा दोष असा की गोचिडीत एकाच वेळी अनेक विषाणू असतात, आणि दोन विषाणू एकाच कळपात एकत्र फिरत असतील तर त्यांचे तुकडेही सोबत दिसतात. म्हणून दुसरी चाळणी प्रमाणाची. प्रत्येक पुलात कॉन्टिगचं लांबीनुसार दुरुस्त केलेलं प्रमाण काढायचं. एनएस५ एका पुलात दुसऱ्याच्या शंभरपट असेल तर खऱ्या जोडीदाराचाही चढ-उतार जवळपास तसाच हवा. प्रमाण नेमकं एकास एक नसतं, पण एकाचा आलेख चढताना दुसऱ्याचा उतरत नाही.

तिसरी चाळणी टोकांची, आणि सर्वांत पटणारी. तुकड्यांत विभागलेल्या विषाणूंत प्रत्येक तुकड्याच्या ५' आणि ३' टोकांची काही अक्षरं बहुतेक सारखी असतात, कारण त्यांची नक्कल करणारं एन्झाइम तीच खूण धरून सुरुवात करतं. जिंगमेनच्या चारही तुकड्यांत ती दिसते. पण टोकं जुळवणीत हमखास अपुरी राहतात, तिथे रीड्स विरळ पडतात. म्हणून दोन्ही बाजूंची रेस (टोकांची अक्षरं मिळवण्याची पद्धत) करून, क्लोन करून सँगर पद्धतीने वाचणं भाग आहे. तुकड्यामागे किमान ५-६ क्लोन वाचावेत. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) टोकाशी पोचल्यावर एखादं जादा अक्षर चिकटवतं, एका क्लोनवर विश्वास ठेवला तर तेच 'टोक' म्हणून नोंदलं जातं.

उरलेल्या उमेदवारांकडे कवचाच्या प्रथिनाच्या नजरेने पाहायचं: सुरुवातीला संकेत पेप्टाइड, मधे पटल भेदणारे पट्टे, साखरेचे कण चिकटण्याच्या जागा. साम्य शून्य असूनही हे अंदाज बांधता येतात. तीन चाळण्यांतून उतरलेला आणि आवरणाच्या प्रथिनासारखा दिसणारा कॉन्टिग मिळाला की शोध जवळजवळ संपला.

जिंगमेनच्या बाबतीत एक गंमतही झाली. साम्यशोधात त्याचे नातेवाईक क्रम निघाले ते टोक्सोकारा कॅनिस या कुत्र्याच्या आतड्यातल्या गोलकृमीच्या सीडीएनए (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएच्या) संग्रहात. सार्वजनिक भांडारात 'कृमी' असं लेबल लागलेल्या क्रमांत विषाणूही दडलेला असू शकतो. म्हणून निकालात एखाद्या प्राण्याचं नाव आलं की कॉन्टिग फेकून देऊ नये, त्या नोंदीच्या शेजारच्या नोंदी उघडून पाहाव्यात.

उलट बाजूही सांगायला हवी. गोचिडीतल्या काही फ्लेबोव्हायरसांत (एरवी मोठा, मधला आणि छोटा असे तीन तुकडे असणाऱ्या विषाणूंत), उदाहरणार्थ लिहान टिक व्हायरसमध्ये, मोठा आणि छोटा तुकडा सापडतो, पण ग्लायकोप्रथिनाचा मधला तुकडा पुन्हा पुन्हा शोधूनही हाती लागलेला नाही. तिथे तो मुळातच नसावा असं मानायला जागा आहे. तेव्हा प्रत्येक विषाणूला ठरावीक संख्येचे तुकडे चिकटवून मोकळं होण्याचा हट्ट धरू नये.

खोटे विषाणू

इथवर आलेल्या कामाची माती होते ती तीन-चार ठरावीक कारणांनी.

गोचिडीच्या स्वतःच्या जीनोममध्ये जुन्या विषाणूंचे अवशेष घुसून बसलेले असतात आणि त्यातून आरएनएही बनतो. मघाशी जपून ठेवलेला डीएनए आता कामाला येतो. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन न करता थेट डीएनएवर पीसीआर लावा. बँड आला तर तो अवशेष आहे. वाचनचौकटीत मधेच थांब्याचे कोडॉन दिसणं हीसुद्धा त्याचीच खूण.

शेजारच्या नमुन्याची गळती दुसरी. एका पुलात विषाणूचे ५०,००० रीड्स आणि त्याच लेनमधल्या, म्हणजे यंत्रात सोबत वाचलेल्या, दुसऱ्या पुलात ४० असतील, तर ते ४० नमुना ओळखायला लावलेल्या टॅगच्या अदलाबदलीचे समजावेत. ०.१ टक्का ही प्रचलित मर्यादा, तिच्याखालचं मोजू नये. सोबतीच्या चाळणीला ही गळती फार महागात पडते. 'आहे-नाही' हा सगळा तक्ताच त्याने पुसट होतो.

तिसरं, अभिकर्मक. सिलिका कॉलममधून आलेला एक संकरित, पार्व्होव्हायरससारखा क्रम आधी रुग्णांचा नवा विषाणू म्हणून पुढे आला होता आणि २०१३ मध्ये तो कॉलमचाच असल्याचं उघड झालं. म्हणून नुसत्या पाण्याचा एक नमुना निष्कर्षणापासून वाचनापर्यंत बाकीच्यांसोबत चालवायचा, त्याची वेगळी लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेला संच) बनवायची. शेवटच्या पायरीला घातलेलं पाणी हे नियंत्रण नव्हे.

चौथं गायीचं रक्त. भरलेल्या गोचिडीत गोवंशाच्या बीव्हीडी (अतिसाराच्या) विषाणूचे रीड्स मिळाले तर ते बहुधा शेवटच्या जेवणाचे. हा पेस्टिव्हायरसही फ्लॅव्हिव्हिरिडी कुळातला, त्यामुळे घाईत नवा फ्लॅव्हिव्हायरस सापडल्याचा भास होतो. पेशी वाढवायला वापरल्या जाणाऱ्या वासराच्या सीरममध्येही तो असतो, म्हणजे पुढच्या टप्प्यावर तो पुन्हा भेटतोच.

गोचिडीत वाढतो की नुसता प्रवासी?

एकाच यजमानावर राहणाऱ्या या गोचिडीत हा प्रश्न टाळता येत नाही. लाळग्रंथी आणि मध्यांत्र वेगळे काढून तपासावेत. फुगलेल्या माद्या ओलसर हवेत, २८ अंशांच्या आसपास ठेवून अंडी घालू द्यावीत, मग अंडी आणि न जेवलेल्या अळ्या वेगळ्या तपासाव्यात. रक्ताला तोंडही न लावलेल्या अळीत विषाणू असेल तर तो आईकडून आला. धन-आरएनए विषाणूची ऋण साखळी (नक्कल होतानाच तयार होणारी उलटी प्रत) सापडणं हा वाढीचा पुरावा, पण साधा आरटी-पीसीआर इथे फसवतो. आरएनए स्वतःच स्वतःला प्राइम करतो (नक्कल सुरू करणाऱ्या छोट्या तुकड्याचं, म्हणजे प्राइमरचं, काम स्वतःच करतो) आणि ऋण साखळी नसतानाही बँड येतो. प्राइमरला परका टॅग जोडून, पुढची पीसीआर त्या टॅगवरूनच करावी आणि प्राइमर न घातलेली नळी सोबत चालवावी. सुमारे २२ अक्षरांच्या विषाणूजन्य लहान आरएनएंचा गठ्ठा दिसला तर गोचिडीची प्रतिकारयंत्रणा या विषाणूशी झगडते आहे हे कळतं.

किती गोचिडींत विषाणू आहे याचा आकडा देताना पुलांची संख्या आणि गोचिडींची संख्या यांत गल्लत नको. प्रत्येकी १० गोचिडींच्या १२ पुलांपैकी ५ धन (पॉझिटिव्ह) आले, तर 'प्रादुर्भाव ४२ टक्के' हे चूक. प्रत्येक धन पुलात एकच गोचीड बाधित धरली तर किमान दर ४.२ टक्के येतो, आणि महत्तम संभाव्यता या सांख्यिकी पद्धतीने काढलेला अंदाज ५.२ टक्के.

माणसाचा प्रश्न यानंतर येतो. कोसोव्होतल्या क्रायमियन-काँगो तापाच्या रुग्णांच्या रक्तात जिंगमेन विषाणूचे क्रम आढळल्याचं २०१८ मध्ये नोंदलं गेलं, चीनमधल्या रुग्णांतली लागण २०१९ मध्ये. याच गटातल्या अलाँगशान विषाणूची लागण झालेले इनर मंगोलिया आणि हेलाँगजियांगमधले ८६ रुग्णही २०१९ मध्येच नोंदले गेले. गोचिडीत आरएनए सापडला तेव्हा यातलं काहीच सांगता आलं नसतं, आणि सांगूही नये. गोचीड चावल्यानंतर ताप आलेल्यांचे, आजाराच्या पहिल्या आठवड्यातले आणि तीन-चार आठवड्यांनंतरचे असे जोडीने घेतलेले रक्तनमुने हाती आल्याशिवाय 'हा विषाणू माणसाला आजारी पाडतो' हे वाक्य लिहिता येत नाही.

जिवंत विषाणू वाढवायचा तर व्हेरो पेशींबरोबर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींबरोबर) गोचिडीच्याच पेशी ठेवाव्यात. बीएमई/सीटीव्हीएम मालिकेतल्या पेशी याच जातीच्या गोचिडीपासून बनवलेल्या आहेत. त्या २८ ते ३२ अंशांवर, फार सावकाश वाढतात, आणि विषाणू असूनही पेशी मरतीलच असं नाही. म्हणून नुसत्या डोळ्यांनी पाहून बशी फेकू नये. तीन ते पाच आंधळे पॅसेज (परिणाम दिसो न दिसो, द्रव नव्या पेशींवर घालण्याच्या फेऱ्या) करून प्रत्येक वेळी आरएनए मोजावा. इथे तुकड्यांत विभागलेल्या जीनोमचा शेवटचा फटका बसू शकतो. जिंगमेनचा डासांतला नातेवाईक ग्वाइको क्युलेक्स विषाणू २०१६ मध्ये वर्णिला गेला, तेव्हा त्याचे तुकडे एकाच कणात नव्हे तर वेगवेगळ्या कणांत भरलेले असल्याचं दिसलं. त्यातला सर्वांत छोटा तुकडा नसला तरी लागण होत होती. असा विषाणू फार पातळ करून पेशींवर घातला, तर पेशीला सगळे तुकडे मिळतच नाहीत आणि वाढ थांबते, किंवा एखादा तुकडा गळून उरलेलेच पुढे जातात. म्हणून एका वेळी दहापटीहून जास्त पातळ करू नये. प्रत्येक पॅसेजनंतर चारही तुकड्यांची आरटी-पीसीआर वेगवेगळी लावावी, आणि एकाचा जरी बँड फिका पडू लागला तरी मागच्या पॅसेजची गोठवलेली कुपी काढून तिथून पुन्हा सुरुवात करावी.